निळी भुकटी

गुंफाबाई कोहळेंच्या गोठ्यामागे
गोबर गॅसचा डोम सकाळी वर आलेला असतो,
भाकरी झाल्या की खाली बसतो.
त्यात साठ भाग जळणारा वायू,
बाकीचा बहुतेक कर्बवायू, नुसता सोबतीला,
स्वतः जळत नाही, दुसऱ्यालाही नीट जळू देत नाही.
म्हणून ज्योत मरगळलेली,
भाकर फुगते, पण उशिरा.

आर्वीच्या कॉलेजातून मी दोनशे ग्रॅम भुकटी नेली,
तांब्यापासून केलेली, जांभळ्याकडे झुकणारी निळी.
त्यांनी चिमूट बोटांवर घासून पाहिली.
“काहून व माय, धुणं काढाचं हाये का?”

कसं सांगावं.
तांब्याचे अणू, त्यांना जोडणाऱ्या कार्बनी दांड्या,
थरावर थर, पत्त्यांच्या जोडासारखे गच्च मिटलेले.
नायट्रोजन येऊन टेकतो, पत्ता हलत नाही.
कर्बवायू येतो, आधी त्यालाही दाद नाही.
मग दाब एका आकड्याला पोचतो
आणि सगळे थर एका दमात सरकतात,
जागाच नव्हती तिथे जागा होते.
मिथेन त्याच दाबाने उभा असतो,
त्याच्यासाठी काही हलत नाही.
(गर्दीत मागून एखादा शिरतो आत,
नाही असं नाही.)

“म्हंजे हे तट्ट्याचं फाटक नोहे,” त्या म्हणाल्या,
“फाटक कोनीबी ढकललं का उघडते.”

दिवाळीनंतरचा पहिला प्रयोग तासाभरात काळा पडला.
शेणाच्या वायूत सडक्या अंड्याचा वास असतो,
मला ठाऊक होतं, तरी मी विसरले.
तांब्याने गंधक धरलं ते धरलंच.
मग नत्थू चाफलेच्या लेथवरचा लोखंडी कीस,
पाणी मारून आठ दिवस गंजवला,
पाइपात भरला.
वास तिथेच अडला.

दुसरा प्रयोग मे महिन्यात.
पत्र्याखाली सेहेचाळीस अंश.
जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरत राहिला,
काटा चढला, चढला, भुकटी मिटलेलीच.
उन्हात दार जड होतं हे कागदावर मी काढलं होतं,
पण कागद आर्वीत पंख्याखाली होता.
नातू चेतन म्हणाला, “मॅडम, हे झोपलं हाये.”

जानेवारी. पहाटे साडेपाच, नऊ अंश.
चेतन काट्यावर बॅटरी धरून.
एक पॉइंट सात, काही नाही.
एक पॉइंट आठ
आणि काटा थबकला,
वायू येतोय तरी वाढेना,
जसं कोणी आतून पिऊन घेतंय.
नळीला हात लावला, कोमट.
पलीकडे चुलीत ज्योत निळी झाली,
आवाज करणारी, टोकदार.

ती पाहायला कुंपणापलीकडून थोरल्या जाऊबाई आल्या.
सांडपाण्याच्या नालीवरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं.
“एवढी निळी काहून दिसते?” त्यांनी विचारलं,
कोणाला, ते स्पष्ट नव्हतं.
गुंफाबाईंनी आधण वाढवलं.

मी दाब उतरवत होते.
उघडलं त्या आकड्याला मिटत नाही ते.
एक पॉइंट सहा, उघडंच.
एक पॉइंट दोन, उघडंच.
पार शून्य पॉइंट नऊवर आल्यावर
हळूच थर बसले,
कर्बवायू फुसकन पऱ्हाटीच्या ढिगावर गेला.

वहीत नोंद केली.
उघडताना १.८. मिटताना ०.९.
शेरा: थंडीत चालते.

चहा झाल्यावरही जाऊबाई बसल्याच होत्या,
पान लावत, नालीचा विषय न काढता.
गुंफाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं,
“किलोचा भाव काय याचा?”
सांगितला.
त्या बराच वेळ हसल्या,
मग गायीला वैरण टाकायला गेल्या.